हजला निघण्याआधी घरातून काय काय उरकायचं? (बेळगाव, निपाणी, खानापूर भाग)

वडगाव_गल्ली
अस्सलामु अलैकुम. घरातले तिघे हजचा फॉर्म भरायच्या विचारात आहेत. अब्बा, अम्मी आणि अम्मीची मोठी बहीण, म्हणजे आमची खाला. तिघंही साठीच्या पुढचे, अब्बांना शुगर आहे. तिघांचा एकच फॉर्म भरू म्हणतोय. अर्कान म्हणजे हजचे विधी तरबियती (प्रशिक्षण) शिबिरात शिकवतातच, पण त्याच्या आधीचं, घरात बसून करायचं जे असतं ते नीट कुणी सांगत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं. खाला मराठी शाळेत शिकलेली, उर्दू वाचता येत नाही, तेही ध्यानात घ्या.

किल्ला_तलाव
वालेकुम सलाम. सुरुवात पासपोर्टपासून करा, नमाजच्या चटईपासून नको. आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड, आधार इंग्रजी, आणि तिन्हीकडे स्पेलिंग वेगळं. मुल्ला, मुजावर, सनदी, नदाफ, तांबोळी ही आडनावं एका कागदावर असतात, दुसऱ्यावर गायब. बायकांच्या नावात तर एकीकडे बापाचं नाव, दुसरीकडे नवऱ्याचं. आधी आधार आणि बँकखातं एकसारखं करून घ्या, मग त्याच स्पेलिंगने पासपोर्ट. पासपोर्ट आधी काढून मग आधार दुरुस्त करायला गेलात की दोनदा फेऱ्या. पासपोर्टवर पहिलं नाव आणि आडनाव हे दोन वेगळे रकाने असतात, सगळं नाव एकाच रकान्यात कोंबू देऊ नका. अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात देता येतो, पण पोलीस चौकशीला किती दिवस लागतील ते कुणाच्या हातात नाही. म्हणून हजची जाहिरात यायची वाट न बघता आजच लागा.

फॉर्म ऑनलाइन. भारतीय हज समितीच्या संकेतस्थळावर किंवा हज सुविधा ॲपवर. एका फॉर्मवर जे जातात त्यांचं मिळून एक 'कव्हर' होतं. कुर्रा म्हणजे सोडत निघते ती कव्हरची, त्यामुळे लागलं तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही. पैसे भरताना कव्हरचा बँक रेफरन्स नंबर चलनावर तपासा. एक आकडा चुकला की रक्कम दुसऱ्याच्या नावे पडते आणि मग ती शोधत बसा. ब्लडग्रुप विचारतात, तो अंदाजाने लिहू नका.

आणखी एक. कर्नाटकात राहणाऱ्यांनी कर्नाटक राज्य हज समितीमार्फत, चंदगड-गडहिंग्लजकडच्यांनी महाराष्ट्राकडून. कोल्हापूरला पाहुणे आहेत म्हणून तिकडचा पत्ता लावायची शक्कल कुणी सुचवली तर ऐकू नका, पडताळणीत अडकतं.

आपा_निपाणी
भाऊ, एक गोष्ट आधीच बघून घ्या. तुमचे अब्बा तुमच्या खालाचे महरम (ज्याच्याशी निकाह कायमचा हराम असा नातेवाईक) होत नाहीत. बायकोची बहीण ही फक्त निकाह चालू असेपर्यंत हराम, कायमची नाही, म्हणून मेहुणा महरम नाही. तुम्ही भाचा आहात, तुम्ही महरम. तिचा मुलगा, सख्खा भाऊ, भाऊ-बहिणीची मुलं चालतात. फॉर्ममध्ये नातं लिहावं लागतं, तिथे 'भाऊ' असं खोटं टाकून काही जण भरतात. हज करायचा आणि पहिल्याच कागदावर खोटं, हे कसं काय?

२०१८ पासून ४५ वर्षांपुढच्या महिलांना महरमशिवाय गटाने अर्ज करायची सोय झाली आहे. सरकारी नियम तसा आहे. आपल्या हनफी मसलकात (पंथात) मात्र महरमशिवाय इतक्या लांबच्या सफरीवर मतभेद आहे. खालाने स्वतः आपल्या मौलानांना विचारावं आणि काय ते ठरवावं. घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवू नये.

वडगाव_गल्ली
आपा, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग खालासोबत मीच जावं असं दिसतंय. वेगळा प्रश्न, एजंटमार्फत लवकर होतं म्हणतात, खरं का?

किल्ला_तलाव
खासगी टूरवाले असतात, पण ते केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदलेले हवेत. यादी जाहीर होते, तीत नाव बघा. 'व्हिजिट व्हिसावर नेतो, हज होऊन जाईल' असं म्हणणाऱ्याकडे पाठ करा. २०२४ च्या हजमध्ये उष्णतेने १३०१ माणसं गेली, आणि सौदी सरकारनेच सांगितलं की त्यांतली ८३ टक्के परवान्याशिवाय आलेली होती. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, थंड जागा नाही. मैलोन् मैल उन्हात चालायचं. २०२५ पासून परवान्याशिवाय हज करताना सापडलं तर २० हजार रियालपर्यंत दंड आहे. शिवाय खोटं बोलून, कायदा मोडून केलेल्या इबादतीचं काय, ते वेगळंच.

मलप्रभा_काठ
कागदावर बरंच लिहून झालं. आता हिशोबावर लिहितो. शिबिरात त्याला दहा मिनिटं मिळतात, खरं तर घरात सहा महिने लागतात.

कुराणातल्या सूरे बकरामध्ये (२:१९७) हजच्या आयतीतच सांगितलंय की सफरीचं सामान बरोबर घ्या आणि सगळ्यांत चांगलं सामान तकवा (अल्लाहचं भय राखून वागणं). त्याच आयतीत हजमध्ये अश्लील बोलणं, गुनाह आणि भांडण यांना मनाई आहे. तकवा म्हणजे नुसत्या तसबीह (जप) वाढवणं नव्हे. अल्लाहचे हक तौबाने (पश्चात्तापाने) माफ होतील, माणसांचे हक त्या माणसाकडे जाऊनच सोडवावे लागतात.

आपल्या भागात हे हक कुठे अडकलेले असतात ते स्पष्ट लिहितो. पहिलं, बहिणींचा जमिनीतला हिस्सा. ऊसाची शेती भावांच्या नावावर, आणि बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेतलेली. वर म्हणायचं, तिने खुशीने सोडला. शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठरलेला आहे, तो भावाने दिलेलं दान नव्हे. हिस्सा तिच्या नावावर करा, उतारा तिच्या हातात द्या. मग तिने परत दिला तर ती खुशी. सही करायला बसवून 'खुशी आहे ना?' विचारणं ही खुशी नव्हे.

दुसरं, कर्ज. हातउसने, दुकानाची उधारी, मजुरांची राहिलेली मजुरी, ट्रॅक्टरवाल्याचं भाडं. ज्यांची मुदत संपलीय ती फेडून जा, किंवा त्या माणसाची परवानगी घ्या. लांब मुदतीचे हप्ते असतील तर मागे कोण भरणार ते ठरवून लिहून ठेवा. कर्ज काढून हजला जाऊ नका, ज्याच्याकडे ताकद नाही त्याच्यावर हज फर्जच (बंधनकारकच) नाही. व्याजाचा पैसा त्यात मिसळू नका. आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत घरातल्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरतं त्यावरून ताकद मोजायची.

तिसरं, वसियत म्हणजे मृत्युपत्र. देणं-घेणं, अमानती, राहिलेली जकात, सुटलेले रोजे सगळं एका वहीत. वारसांचे हिस्से ठरलेलेच आहेत, वारसाच्या नावे वसियत करता येत नाही. बाकी कुणाला द्यायचं तर एकतृतीयांशापर्यंत. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वही कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू दे.

गोकाक_रोड
मलप्रभाभाऊ, सगळं पटलं. पण माफी मागायची म्हणजे व्हॉट्सअॅपवर सगळ्या ग्रुपमध्ये 'काही चूक झाली असल्यास माफ करा' असा एक मेसेज सोडला की झालं, असंच चाललंय की हो हल्ली.

मलप्रभा_काठ
त्या मेसेजने ज्यांच्याशी भांडण नाही तेच माफ करतात. ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे तो त्या ग्रुपमध्ये नसतोच. त्याच्या दारात जावं लागतं. पैशाचं असेल तर नुसती माफी चालत नाही, पैसे द्यावे लागतात. माणूस मेला असेल तर त्याच्या वारसांना. वारसही सापडत नसतील तर त्याच्या नावे सदका (दान).

औषधांची_पेटी
सलाम. शरीराच्या तयारीवर लिहिते, कारण बेळगावकरांची अडचण वेगळी आहे. आपण घाटमाथ्याच्या थंड हवेत राहतो, आणि मक्केत उन्हाळ्यातल्या हजला पारा ४५ च्या वर जातो. १७ जून २०२४ ला मक्केच्या हरम मशिदीजवळ ५१.८ अंश नोंदला गेला. हज दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे पुढची काही वर्षं जरा बरी असतील, तरी आपल्या मानाने ऊनच. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पोचल्या पोचल्या रोज दोन-तीन नफिल (ऐच्छिक) उमरे करायचा उत्साह आवरा. हजचे दिवस यायच्या आतच माणूस तापाने पडतो आणि फर्ज जड जातं.

चालणं आजपासून. सईच्या, म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधल्या, सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर होतात, त्याआधी तवाफ, म्हणजे काबाभोवती सात फेरे. गर्दीमुळे गच्चीवर तवाफ करावा लागला तर एकेक फेराच एक किलोमीटरच्या आसपास जातो. शिवाय राहायची जागा बहुधा मक्केच्या अज़ीज़िया भागात, तिथून जमरातपर्यंत (खडे मारायच्या खांबांपर्यंत) बरंचसं चालतच. किल्ला तलावाला किंवा व्हॅक्सिन डेपोत पहिल्या महिन्यात २ किलोमीटर, मग वाढवत रोज ६ ते ८. नंतर आठवड्यातून दोनदा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. तीच चप्पल घालून चाला जी तिकडे घालणार. नवी चप्पल विमानतळावर घातली की चौथ्या दिवशी फोड. पुरुषांना एहराममध्ये (हजचा पेहराव आणि त्याची बंधनं) पावलाच्या वरचं उंचवट्याचं हाड उघडं हवं, म्हणून पट्ट्याची साधी रबरी चप्पल बरी. कोल्हापुरी घालू नका, ओल्या संगमरवरावर घसरते.

अब्बांच्या शुगरसाठी: निघण्याच्या दोन महिने आधी डोळे, पाय, किडनी, हृदय तपासून घ्या आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या, कारण जेवणाच्या वेळा बदलणार आणि चालणं तिप्पट होणार. शुगर वाढण्यापेक्षा अचानक उतरण्याचा धोका तिथे जास्त. खिशात कायम साखर किंवा ग्लुकोज. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत टाकलं तर विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकतं. पाय रोज रात्री बघायचे, टाचेची भेग, बोटांमधली जखम. मुंग्या येणाऱ्या पायांना फोड झालेला कळत नाही. बीपीसाठी लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हात त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा, मनाने बंद करू नका.

ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यात, निम्म्या बाटलीत नाही. पुडी नसली तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर उलटा परिणाम.

लस: मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस पोचण्याच्या किमान १० दिवस आधी, पोलिओचे थेंब आणि फ्लूची लस. शिबिरात देतात, त्या दिवशी चुकवू नका.

औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या. सुट्या गोळ्या डब्यात भरून नेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, प्रेगाबालिन यांवर तिकडे कडक नियम आहेत. नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन शुगरवाल्या बऱ्याच जणांना चालू असतं, ते आधीच बघा.

कांदा_लसूण
बॅगेबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती सगळ्यांत महत्त्वाची. खसखस सौदीत बंदी. अमली पदार्थांत धरतात. आता आपल्या घरात खसखस कुठे कुठे असते ते आठवा. कांदा-लसूण चटणीत असते, गरम मसाल्यात असते, अनारशावर असते, बेकरीच्या काही पावांवर असते. घरच्या बाईने मायेने डबा भरून दिला, तिला माहीतच नाही, आणि विमानतळावर तो डबा उघडला जातो. मसाला न्यायचाच तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. दुसऱ्याने दिलेली बंद पिशवी 'अमक्याला द्या' म्हणून नेऊ नका, मग तो सख्खा मामू का असेना.

न्यायचं असेल तर कडक भाकरी आणि शेंगाची कोरडी चटणी. दोन्ही आठवडे टिकतात, तेल गळत नाही. लोणचं-तूप गळून सगळे कपडे खराब होतात. खोलीत चूल-शेगडी चालेल का ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा, बॅगेचं वजनही तिथेच. आणि जमजम सामानात भरू नका, त्याचे ५ लिटरचे डबे परतल्यावर वेगळे मिळतात.

आपा_निपाणी
निपाणीची आहे म्हणून लिहिते, तंबाखूवरही. गुटखा, मावा, तंबाखू काही न्यायचं नाही. बायकांच्या मिश्रीचं कुणी बोलत नाही. काळी भुकटी, पुडीवर नाव नाही, तपासणाऱ्याला काय वाटणार? दोन महिने आधीपासून कमी करत बंद करा, तिथे जाऊन एकदम सोडलं तर डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि हजमध्ये भांडणाला मनाई. सुगंधी सुपारी एहराममध्ये तोंडात टाकू नका, खुशबूचा मसला येतो. साबण, तेल, पेट्रोलियम जेलीसुद्धा बिनवासाची घ्या. जेली लागतेच, मांड्या घासून चालता येत नाही असे किती तरी पुरुष मिनात (हजच्या तंबूंच्या मुक्कामी) दिसतात.

वडगाव_गल्ली
जज़ाकल्लाह सगळ्यांना. एहराम नक्की कधी बांधायचा? कुणी बेंगळुरूच्या हज भवनात म्हणतं, कुणी विमानात.

किल्ला_तलाव
आधी विमान कुठे उतरतंय ते बघा. थेट जेद्दाला असेल तर मीकात (एहराम ज्याच्या आधी बांधायचा ती हद्द) यलमलम, ती विमानातच येते. म्हणून गुसल (अंघोळ) करून, चादरी बांधून विमानात बसायचं, दोन रकात नमाज पढायची, आणि नियत (संकल्प) व तलबिया (लब्बैकची घोषणा) मीकात यायच्या आधी. घोषणा होते, पण झोप लागली तर चुकते. म्हणून काही जण विमान उडाल्यावर लगेच नियत करतात. आधी मदिना असेल तर इथून साध्या कपड्यांत जायचं, मदिनेहून मक्केला निघताना ज़ुल-हुलैफाला एहराम. गंमत अशी की पहिल्या प्रकारात लोक एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकून मोकळे होतात. हातातल्या बॅगेत ठेवा.

आपल्याकडचे बहुतेक तमत्तो करतात. म्हणजे पोचल्यावर उमरा, केस कापून एहराम सुटला, मग ८ ज़िलहिज्जला (हजच्या महिन्याच्या ८ तारखेला) मक्केतल्या राहत्या जागेवरूनच हजचा एहराम. त्यासाठी परत मीकातला जावं लागत नाही.

मलप्रभा_काठ
पाच दिवसांत दम (चुकीबद्दल द्यावी लागणारी जनावराची कुर्बानी) कुठे बसतो ते सांगतो, शिबिरात ऐकलेलं गर्दीत विसरतं.

९ तारखेला अराफातचं मैदान. दुपार कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत हद्दीच्या आत. मशीद-ए-नमिराचा पुढचा भाग अराफातच्या बाहेर, वादी-ए-उरनामध्ये येतो. तिथे नमाज पढून तिथेच बसून राहिलं तर वकूफच (अराफातमधलं थांबणं) होत नाही, आणि वकूफ नाही तर हज नाही. बस लवकर मिळते म्हणून मगरिबच्या आधी हद्द ओलांडली आणि परत आत आलं नाही तर दम. मगरिब तिथे पढायची नाही, मुज़दलिफाला पोचून मगरिब-इशा एकत्र. बस अडकली आणि मुज़दलिफाची पाटी दिसायच्या आत लोक रस्त्याकडेला उतरून बसतात, तसं करू नका, पाटी बघा. फजरनंतर थोडा वेळ तरी वकूफ.

१० तारखेला क्रम: मोठ्या जमराला ७ खडे, मग कुर्बानी, मग हलक म्हणजे डोकं भादरणं. हनफी मसलकात हा क्रम वाजिब (आवश्यक). इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ. कुर्बानी अज़ाहीच्या (सौदीतली कुर्बानीची सरकारी योजना) कूपनमधून असेल तर ती नक्की किती वाजता झाली हे हाताशी कळत नाही, आणि माणूस आधीच डोकं भादरून बसतो. निघण्याआधीच आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून ठेवा की किती थांबायचं. तिथे तंबूत चार माणसं चार मसले सांगतात.

११ आणि १२ ला तिन्ही जमरांना सात-सात, दुपार कलल्यानंतर. एकूण ४९ खडे. १३ ला थांबलात तर ७०. हरभऱ्याएवढे, मुज़दलिफात वेचायचे, दहा-बारा जास्तच घ्या, काही हौदाबाहेर पडतात आणि ते धरत नाहीत. तवाफ-ए-ज़ियारत (हजचा फर्ज तवाफ) १२ च्या सूर्यास्ताच्या आत.

कारवार_बंदर
आम्ही शाफई मसलकाचे. आमच्याकडे १० तारखेचा क्रम सुन्नत आहे (चांगला, पण सक्तीचा नाही), त्यामुळे वरचा दमचा प्रश्न येत नाही. पण दुसरी अडचण येते, परक्या स्त्री-पुरुषाच्या कातडीचा स्पर्श झाला की वुजू (हातपाय धुऊन केलेली शुद्धी) तुटतो, आणि तवाफला वुजू लागतो. मताफच्या (तवाफच्या जागेच्या) गर्दीत हे सांभाळणं जवळजवळ अशक्य. आमचे उलेमा त्या वेळेपुरतं दुसऱ्या इमामांचं मत घ्यायची मुभा देतात, पण ते घरून विचारून जावं. वरच्या मजल्यावर गर्दी कमी, अंतर जास्त. बायकांनी हातमोजे घालून तोडगा काढू नये, एहराममध्ये हातमोजे चालत नाहीत. पायमोजे चालतात. चेहऱ्याला कापड टेकू नये म्हणून छज्जाची टोपी आणि तिच्यावरून नकाब.

आपा_निपाणी
आणि ज्यांची पाळी अजून चालू आहे त्या मुली-सुना घाबरून जातात. पाळीत तवाफ सोडून सगळं करता येतं. अराफात, मुज़दलिफा, खडे, दुआ, सगळं. तवाफ-ए-ज़ियारतला त्यामुळे उशीर झाला तर दम नाही. विदाईचा तवाफ माफ. मात्र ज़ियारत न करता विमानात बसायचं नाही, म्हणून परतीची तारीख आणि आपली तारीख ताडून बघा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीने दिलेल्या घेऊ नका, डॉक्टरांना दाखवून, दोन-तीन महिने आधी.

मलप्रभा_काठ
खालाच्या उर्दूचं राहिलं. तवाफच्या प्रत्येक फेऱ्याची वेगळी दुआ पुस्तिकेत छापलेली असते, ती जरुरी नाही. पुस्तक बघत चालणारा माणूस पुढच्याच्या टाचेवर पाय देतो. काबाच्या रुक्न-ए-यमानी कोपऱ्यापासून हजर-ए-असवदपर्यंत (काळ्या दगडापर्यंत) 'रब्बना आतिना' पढावी, बाकी वेळ आपल्या भाषेत मागा. मराठीत मागा, अल्लाहला कळतं. तलबिया मात्र पाठ हवी: लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक, लब्बैक ला शरीक लक लब्बैक, इन्नल हम्द वन्निअमत लक वल मुल्क, ला शरीक लक. देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, पण उच्चार कुणाकडून तरी ऐकून घट्ट करा.

जनाजाची (मयताची) नमाज शिकून जा. हरममध्ये जवळजवळ प्रत्येक फर्जनंतर होते, आणि आपल्याकडच्या बायकांना ती कधी पढायची वेळच आलेली नसते, त्या नुसत्या उभ्या राहतात. फजरला उठायची आणि मोबाईल बाजूला ठेवायची सवयही इथूनच. अराफातच्या दुपारी चार तास दुआत बसायचे असतात. घरी सलग वीस मिनिटं बसायची सवय नसेल तर तिथे एक तासात गप्पा सुरू होतात.

गोकाक_रोड
दुआ सांगणाऱ्यांची यादी? पाहुण्यांपैकी सगळेच म्हणतात, आमच्यासाठी मागा.

मलप्रभा_काठ
छोट्या वहीत नाव आणि एका शब्दात कारण. 'कर्ज', 'मूल', 'गुडघा', 'कोर्टकेस'. वही एहरामच्या पट्ट्याच्या खिशात मावेल एवढीच.

वडगाव_गल्ली
शेवटचं विचारतो. अम्मी आणि खाला केस किती कापायचे? आणि तिथे कापायचे कुणी?

आपा_निपाणी
सगळ्या केसांच्या टोकाकडून बोटाच्या एका पेराएवढे, जरा जास्तच कापलेले बरे. एकमेकींचे कापता येतात, दोघींची आधीची सगळी कामं झालेली असली की. कात्री मात्र मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेतली विमानतळावर काढून घेतात.